प्लेबुक हिरवं, सर्व्हर लाल: टेस्टइन्फ्राचा आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

"अ‍ॅन्सिबल आहे ना, मग वर आणखी टेस्ट कशाला?" टीममध्ये सगळ्यात आधी हा प्रश्न आला आणि तो रास्तच होता. अ‍ॅन्सिबल म्हणजे सर्व्हरची सेटिंग आपोआप करणारं साधन, आणि त्याला दिलेली कामांची यादी म्हणजे प्लेबुक. प्लेबुक चालवलं, शेवटच्या ओळीत चेंज्ड शून्य, फेल्ड शून्य दिसलं, की सर्व्हर पाहिजे तसा झाला असं आपण धरून चालतो. चाळीसेक उबुंटू सर्व्हरवर आठ-नऊ महिने टेस्टइन्फ्रा, म्हणजे सर्व्हर तपासणारी पायथनची लायब्ररी, चालवल्यावर माझं मत असं झालंय की प्लेबुक एवढंच सांगतं: मला जे लिहायचं होतं ते मी लिहिलं. चालू प्रोसेसने ते वाचलं का, वाचून मानलं का, दुसऱ्याच कुठल्या फाइलने ते उडवून लावलं का, हे त्याला कळायला मार्ग नाही. टेस्टइन्फ्राचा उपयोग तिथे आहे. बाकी ठिकाणी त्याचा फारसा उपयोग नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रूबीवाल्यांकडे २०१३ पासून सर्व्हरस्पेक आहे, त्याच धर्तीवर पायथनमध्ये केलेलं हे पायटेस्टचं (पायथनमधल्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचं) प्लगइन. अपाचे २.० लायसन्स, पैसे लागत नाहीत. जुन्या लेखांत नुसतं 'टेस्टइन्फ्रा' असं पॅकेज दिसेल, पण आवृत्ती ६ पासून ते 'पायटेस्ट-टेस्टइन्फ्रा' या नावाने घ्यायचं. टेस्ट तुमच्या लॅपटॉपवर किंवा सीआयच्या (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) रनरवर चालते. समोरच्या सर्व्हरवर काहीही बसवावं लागत नाही, पायथनसुद्धा नाही, कारण एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या सुरक्षित जोडणीवरून) साध्या शेल कमांडच जातात. टेस्टच्या फंक्शनला 'होस्ट' नावाची वस्तू मिळते आणि तिला विचारत जायचं: ही सर्व्हिस चालू आहे का, रीबूटनंतर आपोआप उठेल का, या फाइलचा मालक कोण, हा पोर्ट कुठल्या पत्त्यावर ऐकतोय. ज्याला पायटेस्ट येतं त्याला शिकायला एक दुपार पुरते.

आता मुद्द्याचं. नेटवर मिळणारी बहुतेक उदाहरणं अशी असतात: एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं पॅकेज आहे का, कॉन्फिग फाइल आहे का, तिची परवानगी ६४४ आहे का. प्लेबुकमध्ये नेमकं हेच करायला सांगितलेलं असतं. म्हणजे आपलाच पेपर आपणच तपासायचा. प्लेबुक नीट चाललं तर अशी टेस्ट पास होणारच, आणि नाही चाललं तर अ‍ॅन्सिबल आधीच बोंब मारेल. मॉलिक्यूल या अ‍ॅन्सिबल रोल तपासायच्या साधनाने तिसऱ्या आवृत्तीत डीफॉल्ट तपासनीस म्हणून टेस्टइन्फ्रा काढून अ‍ॅन्सिबललाच बसवलं, ते मला अजिबात आश्चर्याचं वाटलं नाही. एवढ्याच तपासणीसाठी वेगळी लायब्ररी कशाला हवी?

मग हवी कशाला, ते एका प्रसंगावरून सांगतो.

एका क्लाउडवरून उबुंटू २२.०४ ची नवीन मशीन घेतली. आमच्या प्लेबुकने एसएसएचडीच्या (सर्व्हरवर एसएसएचचं लॉगिन घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मुख्य कॉन्फिगमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो', म्हणजे पासवर्डने लॉगिन बंद, असं लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, सगळं हिरवं. फाइलमध्ये ती ओळ आहे का हे बघणारी टेस्टही पास. पण टेस्टच्या फाइलमध्ये तिच्या खाली आणखी एक टेस्ट होती: एसएसएचडीला कॅपिटल टीचा पर्याय देऊन चालवायचं. मग तो सगळ्या फाइली गोळा करून शेवटी कुठली सेटिंग लागू होते ते छापतो, सगळं लहान अक्षरांत. त्या यादीत स्वच्छ 'पासवर्डऑथेंटिकेशन येस'. टेस्ट लाल.

कारण असं की मुख्य कॉन्फिगच्या अगदी वरच एक इन्क्लूडची ओळ असते आणि ती एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली ओढून घेते. त्या मशीनच्या इमेजमध्ये क्लाउड-इनिटने (नवीन क्लाउड मशीनची पहिली सेटिंग करणाऱ्या प्रोग्रॅमने) तिथे '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' ठेवली होती, आणि तिच्यात पासवर्डला 'येस'. आपल्याकडे पुष्कळ प्रोग्रॅममध्ये खाली लिहिलेलं वरच्याला मारतं, तीच सवय डोक्यात असते. एसएसएचडीचं उलट आहे, पहिली सापडलेली किंमत तो धरतो. आमची ओळ बरोबर होती, जागच्या जागी होती, आणि तिला कोणी विचारत नव्हतं. अ‍ॅन्सिबलच्या नजरेत इथे काहीच चुकलेलं नाही. उपाय सोपा, त्याच फोल्डरमध्ये '००' ने सुरू होणारी आपली फाइल टाकायची, म्हणजे ती आधी वाचली जाते. पण उपायाचं नाव घ्यायच्या आधी दुखणं कळायला हवं ना.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: फाइलमध्ये काय लिहिलंय यावर टेस्ट लिहायची नाही, प्रोग्रॅमला विचारून लिहायची. कर्नलच्या सेटिंगसाठी फाइल न बघता होस्टच्या सिसकंट्रोलला विचारायचं, तो चालू कर्नलमधला आकडा देतो. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनला मॅक्स मॅप काउंट ही कर्नलची सेटिंग किमान २६२१४४ लागतो, त्याची टेस्ट एका ओळीत होते. ओपन फाइल्सच्या मर्यादेचंही तसंच. लिमिट्स.कॉन्फमध्ये ६५५३५ लिहून लोक निश्चिंत होतात, पण ती फाइल पॅममधून (लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या भागातून) लॉगिन होणाऱ्या सेशनला लागू होते. सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) उठवलेल्या सर्व्हिसला तिचं काही देणंघेणं नाही. आमच्या गुनिकॉर्नची (पायथनचं वेब अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरची) सॉफ्ट लिमिट त्यामुळे १०२४ च राहिली होती. टेस्ट प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढते आणि प्रॉकमधली त्याची लिमिट्स फाइल वाचते, त्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही. शिवाय सर्व्हिसच्या सिस्टमडी प्रॉपर्टीज एका डिक्शनरीत मिळतात. त्यातली 'नीडडीमनरीलोड' ही 'नो' आहे ना, एवढी एक टेस्ट सगळ्या सर्व्हिसना लावून ठेवा. कोणीतरी युनिट फाइल हाताने बदलून रीलोड न करता घरी गेलंय, हे तिथे लगेच कळतं.

पण एकच टेस्ट ठेवायची परवानगी असेल तर मी पोर्टच्या यादीची ठेवीन. सर्व्हरवर ऐकणारे सगळे सॉकेट एका हाकेत मिळतात, त्यातले युनिक्स सॉकेट आणि लोकलहोस्टवाले गाळायचे, आणि उरलेली यादी त्या गटाच्या परवानगीच्या यादीशी ताडून बघायची. अमुक पोर्ट चालू आहे का, एवढं विचारून भागत नाही. अमुक सोडून दुसरं काही चालू नाही ना, हेही विचारायचं. एका डेव्हलपरने 'जरा तपासायला' म्हणून रेडिस या डेटाबेसचा डॉकर कंटेनर ६३७९ पोर्ट पब्लिश करून उठवला होता. डॉकर पत्ता न दिल्यास ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, पोर्ट उघडतो आणि आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल नियमांत) स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यू (उबुंटूचा फायरवॉल) तो पोर्ट बंद दाखवत असतानाही दार उघडंच राहतं. यूएफडब्ल्यूचं स्टेटस तपासणारी टेस्ट यावर आनंदाने पास झाली असती. यादीवाली रात्रीच्या फेरीत लाल झाली, आणि सकाळी चहाच्या आत कंटेनर खाली आला.

भारतात सर्व्हर चालवणाऱ्यांनी आणखी एक जागा बघावी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी, म्हणजे वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी नातं लागणाऱ्या सर्व्हरशी जुळलेली हवीत आणि लॉग १८० दिवसांचे हवेत. दोन्ही कागदावर लिहायला सोपं. घड्याळ जुळवणारी क्रोनी सर्व्हिस चालू, कॉन्फिगमध्ये नाव बरोबर, तरी बाहेर जाणारा यूडीपी १२३ फायरवॉलने अडवला असेल तर घड्याळ जुळतच नाही आणि सर्व्हिस मात्र 'अ‍ॅक्टिव्ह' दिसते. म्हणून क्रोनीला ट्रॅकिंग विचारायचं आणि लीप स्टेटस 'नॉर्मल' आहे का ते बघायचं. लॉगचं म्हणाल तर उबुंटूच्या एनजिनएक्स पॅकेजसोबत येणारी लॉगरोटेटची (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या साधनाची) फाइल लॉग रोज फिरवते आणि १४ ठेवते. लॉग दुसरीकडे पाठवत नसाल, तर १८० दिवस आणि १४ फाइली यांचा हिशेब ऑडिटच्या आधी टेस्टने केलेला बरा.

आता तक्रारी. त्याही कमी नाहीत.

पहिली वेगाची. प्रत्येक तपासणी म्हणजे समोर जाऊन एक कमांड, कधी दोन-तीन. एसएसएच बॅकएंड जोडणी काही वेळ उघडी ठेवतो म्हणून निभावतं, तरी सर्व्हर वाढले की फेरी रेंगाळते. पायटेस्ट-एक्सडिस्ट लावून समांतर चालवणं जवळपास सक्तीचंच. अ‍ॅन्सिबलची इन्व्हेंटरी थेट वापरता येते, ही फार मोठी सोय. गटांची नावं, व्हेरिएबल सगळं हाताशी येतं. पण तिथे आतून टेस्टइन्फ्रा स्वतःचीच एसएसएच जोडणी वापरतो आणि अ‍ॅन्सिबलचे सगळेच जोडणीचे पर्याय त्याला समजत नाहीत. मग फोर्स-अ‍ॅन्सिबलचा पर्याय द्यावा लागतो, आणि तो दिला की चहा पिऊन यावं, जेवून आलात तरी चालेल.

दुसरी, मेलेल्या सर्व्हरची. एखादी मशीन बंद असेल तर तिच्या वाट्याच्या सगळ्या टेस्ट एकेक करून फुटतात आणि स्क्रीनभर लाल लाल होतं. खरी बातमी एका ओळीची, 'हा सर्व्हर लागत नाही', पण ती त्या ढिगाऱ्यातून शोधावी लागते. आम्ही कॉन्फटेस्टमध्ये (पायटेस्टच्या सामाईक फाइलमध्ये) एक छोटी फिक्स्चर, म्हणजे टेस्टच्या आधी चालणारं फंक्शन, लिहून आधी जोडणी तपासतो आणि लागली नाही तर बाकीच्या स्किप करतो. हे लायब्ररीतच असायला हवं होतं.

तिसरी बारीक आहे पण नवीन माणसाला हमखास गोंधळात टाकते. फाइलची परवानगी साध्या पूर्णांकात मिळते. ६४० ची अपेक्षा असताना ६४४ सापडलं तर पायटेस्ट सांगतो '४२० बरोबर ४१६ नाही'. ऑक्टलचं (अष्टमानाचं) दशमान मनात करून घ्यायचं, दुसरा इलाज नाही. टेस्टमध्ये आकड्याआधी शून्य-ओ लावायचं विसरलं की टेस्ट कायमची फेल, आणि मेसेजवरून कारण कळत नाही.

आणि ते पोर्टचं. पत्ता न देता नुसतं 'टीसीपी ८०' विचारलं तर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हीवर ऐकत असेल तरच होकार मिळतो. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण आयपीव्ही६ बंद केलेल्या मशीनवर हे कळेपर्यंत माणूस एनजिनएक्सवरच संशय घेत बसतो. पत्ता नेहमी लिहावा. कंटेनरमध्ये रोल तपासत असाल तर बारक्या इमेजमध्ये एसएस किंवा नेटस्टॅट (उघडे पोर्ट दाखवणाऱ्या कमांड) नसतं, सिस्टमडी नसतं, आणि निम्म्या टेस्ट त्या कारणाने पडतात. मी ते सोडून दिलं. सर्व्हरच्या टेस्ट खऱ्या व्हर्च्युअल मशीनवरच चालवतो.

डॉक्युमेंटेशन ठीक आहे. मॉड्यूलनिहाय उदाहरणं आहेत, पण शेकडो टेस्ट झाल्यावर त्या कशा मांडायच्या याबद्दल काही नाही. ते पायटेस्टच्या अनुभवावरच सोडलंय.

चालवतो कसं? डिप्लॉयनंतर लगेच एकदा, आणि रोज रात्री पूर्ण फेरी. रात्रीची फेरी जास्त कामाची, कारण प्लेबुक चालल्यानंतर माणसं हाताने जे करतात ते तिथे सापडतं. आमच्याकडे सर्व्हरवर लक्ष ठेवणारा जुना नागिओस अजून जिवंत आहे आणि टेस्टइन्फ्रा नागिओसच्या भाषेत एका ओळीत निकाल देतो, ती सोय अनपेक्षितपणे कामी आली. नवीन डॅशबोर्ड, नवीन मीटिंग, काही लागलं नाही. एक पथ्य मात्र पाळतो: टेस्ट लाल झाली तर टेस्ट बदलायच्या आधी कारण लिहून ठेवायचं. नाहीतर परवानगीची यादी आठवड्या-आठवड्याला लांबत जाते.

पर्यायांबद्दल विचारलंच तर: टीममध्ये रूबी येणारं कोणी असेल तर सर्व्हरस्पेक आजही चालेल. ऑडिटरला दाखवायचे कंप्लायन्सचे अहवाल हवे असतील तर इनस्पेक जास्त तयार आहे, पण ती बनवणाऱ्या शेफच्या तयार बायनरीचं लायसन्स आधी वाचून घ्या. गॉस ही गो भाषेतली एकच बायनरी, तपासण्या यॅमलमध्ये (साध्या मजकुराच्या सेटिंग फाइलमध्ये), आणि वेगाच्या बाबतीत टेस्टइन्फ्रा तिच्या जवळपासही नाही. पण यॅमलमध्ये 'या गटात असेल तर ही यादी, नाहीतर ती' असं लिहायला गेलं की टेम्पलेट सुरू होतात आणि पायथनची आठवण येते.

आम्ही टेस्टइन्फ्रा आणि गॉस दोन्ही ठेवलंय. ज्या क्लायंटच्या नेटवर्कमध्ये बाहेरून एसएसएच मिळत नाही, तिथे त्यांचा माणूस गॉसची बायनरी आत नेतो आणि निकालाची फाइल मेल करतो. तिथे 'या पोर्टशिवाय दुसरा कुठलाही नको' हे सरळ लिहिता येत नाही, म्हणून एसएसची कमांड लिहून तिचा निकाल ताडून बघावा लागतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण परवाच त्यात एक विसरलेला एफटीपी सापडला.