फॅनी हेन्सेलचं 'दास यार': आठ महिने वाजवल्यावर

पुस्तक घरी आलं तेव्हा नावावरूनच हशा पिकला. 'दास यार' म्हणजे जर्मनमध्ये 'वर्ष', आपला 'यार' नव्हे. बारा महिन्यांच्या बारा रचना आणि शेवटी एक छोटा उपसंहार, असा हा पियानोचा संच. फॅनी ही एकोणिसाव्या शतकातली जर्मन संगीतकार. तिने तो इटलीहून परतल्यावर १८४१ मध्ये बर्लिनला लिहिला. छापून आला १९८९ साली!

जूनमध्ये घेतलं, महिन्याला एक रचना बसवायची असा बेत. आज फेब्रुवारी संपत आला आणि हात बसलाय फक्त तिघींवर: जून, सप्टेंबर, जानेवारी. फेब्रुवारीचा कार्निव्हल भयंकर वेगाचा, त्याच्याकडे मी बघतही नाही.

सप्टेंबरनेच अडीच महिने खाल्ले. त्याचं नाव 'नदीकाठी'. मुख्य चाल मधोमध, आणि तिच्याभोवती बारीक सुरांचं पाणी अखंड वाहतं. माझ्या नदीत कित्येक दिवस नुसता खळखळाट, गाणं तळाशी. शेवटी बाईंनी पाणी बंद करायला लावलं. आठवडाभर फक्त चाल वाजवली, तेव्हा कुठे ती वर आली.

फॅनी चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला पत्रात कळवलं होतं, की संगीत हा तुझ्या भावाचा, फेलिक्सचा, पेशा होईल कदाचित, तुझ्यासाठी मात्र तो अलंकारच. मनगट दुखायला लागलं की मला हा अलंकार हटकून आठवतो. तिची सहा गाणी या भावाच्या, प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनच्या, नावावर छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याच्यासमोर गायला नेमकं त्यातलंच एक निवडलं, तेव्हा बिचाऱ्याला खरं सांगावं लागलं. फॅनीचं 'ओपस १', म्हणजे क्रमांक देऊन छापलेली पहिली कृती, आलं १८४६ मध्ये. पुढच्या मे महिन्यात, घरच्या रविवारच्या मैफलीची तालीम चालू असतानाच तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ती गेली. वय ४१.

आता तक्रारी. बांधणी दोन महिन्यांत उसवली, पुस्तक स्टँडवर उघडं राहत नाही, क्लिप लावावी लागते. पान उलटायची जागा तर नेमकी दोन्ही हात गुंतलेले असताना येते. आणि मूळ प्रतीत महिन्यागणिक वेगळ्या रंगाचा कागद, त्यावर नवऱ्याने, विल्हेल्मने, काढलेली चित्रं. माझ्याकडे सगळं काळं-पांढरं. या किमतीत निदान एखादं चित्र द्यायचं होतं. एक तारा कापला, तो छापणाऱ्यांचा.

कालपासून मार्च उघडलाय. त्यात ईस्टरचं जुनं चर्चगीत येतं. बाई म्हणाल्या, घाई करू नका, पावसाळ्यापर्यंत पुरेल.