मनिलातल्या दोघी मुलींची सोशल मीडिया टीम, माझ्या मसाल्याच्या पेजचा सात महिन्यांचा अनुभव

मी मूळची पुण्याची, सहा वर्षं झाली मनिलाजवळ मकातीत राहतेय, आणि गेल्या वर्षी आईच्या प्रमाणाने करी मसाला करून इथल्या फिलिपिनो लोकांना विकायला लागले. भारतीय गिऱ्हाईक मला नकोच होतं, त्यांच्यासाठी इथे दुकानं आहेत. इथल्या घरात चिकन करी होते पण नारळाच्या दुधातली, बटाटा गाजर घालून, अगदी सौम्य, त्या करीत माझा मसाला जावा एवढीच इच्छा.

आधी एका मोठ्या एजन्सीला काम दिलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी मोर, कमळं, मागे सतार, पाच हजार वर्षांची परंपरा असलं सगळं पेजवर चढवलं आणि स्वयंपाकघराचा फोटो चक्क विकतचा टाकला. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी खाली विचारलं, आते, हे तुमचंच किचन का? आते म्हणजे इथे मोठी बहीण, आपली आत्या नव्हे. मला खूप लागलं ते, कारण त्या चांगल्या मनाने विचारत होत्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ओळखीतून या दोघी मिळाल्या, एक मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीची, एक सेबू बेटावरची. पहिल्याच भेटीत तो फोटो बघून म्हणाल्या की हा आज काढा, इथले लोक अशी गोष्ट बरोबर पकडतात. २०२३ साली सरकारच्या 'लव्ह द फिलिपीन्स' या पर्यटन जाहिरातीच्या व्हिडिओत इंडोनेशियातली भातशेती आणि थायलंडचा मच्छीमार निघाला, नेटवरच लोकांनी ते शोधून काढलं आणि ज्या एजन्सीने केलं होतं तिचं काम गेलं. दुसरं त्यांनी स्पष्ट सांगितलं ते ऐकायला जड होतं पण खरं आहे, इथे भारतीय म्हटलं की लोकांना बुंबाय आठवतो, मोटरसायकलवरून फिरून फाइव्ह-सिक्सने पैसे देणारा, म्हणजे पाच द्यायचे आणि सहा घ्यायचे. म्हणून लपू नका, तुमचा चेहरा, तुमचे हात, तुमचा आवाज दिसू दे.

शूटिंग कुठे केलं तर केसोन सिटीवालीच्या आईच्या घरी. त्या तितांनी, म्हणजे मावशी म्हणा, कढईत लसूण कांदा परतला, माझा मसाला दोन चमचे, चिकन, मग नारळाचं दूध, आणि मीठ घालायच्या जागी पातीस ओतलं, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी. मला धस्स झालं, आईचा मसाला आणि त्यात पातीस! पण चव घेतली आणि गप्प बसले, इतकं छान लागत होतं, आणि माझा तो गप्प बसलेला चेहराच त्यांनी व्हिडिओत ठेवला, मागे कोंबडा आरवतोय, ट्रायसिकल, म्हणजे साइडकारवाली मोटरसायकल रिक्षा, जातेय, काही कापलं नाही. त्या एका व्हिडिओवर आधीच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त ऑर्डरी आल्या.

त्यांचं खरं काम मात्र कमेंटमध्ये दिसतं. इथे लोक नुसतं 'एचएम पो' लिहितात, म्हणजे हाऊ मच, आणि पो हा आपल्या 'अहो'सारखा आदराचा शब्द. बरीच पेजं 'पीएम सेंट', म्हणजे खासगी मेसेज पाठवलाय, असं म्हणून किंमत इनबॉक्सात सांगतात, खरं तर इथल्या नियमाने किंमत उघड लावायला लागते. या दोघी किंमत तिथेच लिहितात, उत्तर नेहमीच्या बोलण्यातल्या टॅगलिशमध्ये, म्हणजे टॅगालोग आणि इंग्रजी मिसळून, आणि सेबूकडचं गिऱ्हाईक असेल तर सेबूवाली तिकडच्या बिसाया भाषेत लिहिते, तिकडे पो नसतोच, टॅगालोगात उत्तर दिलं की परकं वाटतं म्हणते.

आणखी एक, मी २०० ग्रॅमची बरणीच विकत होते. त्यांनी ३० ग्रॅमची पुडी करायला लावली, कारण इथे तिंगीची सवय, कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानातून लागेल तेवढंच सुटं घ्यायचं, आपल्याकडे वाण्याकडून पुडी आणायचो तसंच. बरणीची पोस्ट पगाराला, म्हणजे १५ आणि ३० तारखेला, आणि पुडीची पोस्ट पगाराच्या आधीच्या चार-पाच दिवसांत, त्या दिवसांना इथे पेत्सा दे पेलिग्रो म्हणतात, धोक्याच्या तारखा. मला हे कोण सांगणार होतं?

खरेपणाबद्दल त्या फार कडक आहेत आणि मला तेच सगळ्यात आवडलं. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा मद्रासहून शिपाई आले होते, त्यातले काही इथेच कायंता गावात राहिले, त्यावर त्यांनी सुंदर पोस्ट केली. मी म्हटलं आपल्या मसाल्याशी जोडू या की, तर नाही म्हणाल्या, शिपाई मद्रासचे, तुम्ही पुण्याच्या, तसंच लिहू. आणि तसंच लिहिलं. खाली कायंताच्या लोकांनी आपापल्या आजोबांच्या गोष्टी लिहिल्या, मी त्या रात्री एकेक वाचत बसले होते. एफडीएचं, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याचं, रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत तर विक्रीची एकही पोस्ट टाकली नव्हती, मी घाई करत होते तरी.

कमी काय? महिन्याचा रिपोर्ट उशिरा येतो आणि नुसते स्क्रीनशॉट असतात, हिशोब आपणच लावायचा. टिकटॉक दोन महिने मागे पडलं. आणि दोघीच असल्यामुळे एक आजारी पडली की काम अडतं, वादळात लाइट गेली तेव्हा चार दिवस पेज बंदच होतं.

महिना १८,००० पेसो देते, आधीच्या एजन्सीच्या निम्म्याहून कमी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. कोणाला काम द्यायचं असेल तर ऑगस्टच्या आत बोलून घ्या, इथे सप्टेंबर लागला की ख्रिसमस सुरू होतो आणि मग त्या नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत.