मिरजेत गिटार सेट करून घेतली, अनुभव सांगतो

माझी इलेक्ट्रिक गिटार ट्यूनमध्ये राहतच नव्हती, दोन गाणी वाजवली की जी ची तार बेसूर झालीच, आणि सांगलीत एकानं तर सगळ्या खुंट्याच बदलाव्या लागतील म्हणून सांगितलं. शेवटी मिरजेला सतारमेकर गल्लीकडं गेलो, तिथं तंबोरे करणारे एक काका गिटारपण बघतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तो हात काय असतो ते तिथं बसून बघितलं.

काकांनी आधी जी ची तार अगदी हळू चढवली, कान जवळ नेला, 'टिक' आवाज आला. म्हणाले, ऐकलंस का, नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत अडकतीय. मी 9 च्या जागी 10 चा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट टाकलेला (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात), त्यात जी 16 ची 17 झाली, खाच तेवढीच, मग बेंड केल्यावर, म्हणजे तार बाजूला ओढून स्वर चढवल्यावर, ती परत जागेवर येणार कशी! तंबोऱ्याची जवारी काढायची (घोडी घासून सूर खुलवायची) बारीक कानस खाचेत दोन-चारदाच फिरवली, पेन्सिलीच्या शिशाचा भुगा घातला, आणि जाड तारांनी पुढं ओढलेला ट्रेमोलो (तारा अडकवलेली हलती घोडी) मागचे स्प्रिंगचे स्क्रू आवळून सरळ केला. अजून एक, स्वर चढला तर नुसता उतरवून थांबायचं नाही, जरा जास्तच खाली नेऊन परत वर आणायचा.

तीनशे रुपये घेतले. गर्दी असते, तासभर थांबावं लागलं. तीन आठवडे झाले, काल दोन तास वाजवून ट्यूनर लावला तर सहाही तारा जागेवर.