आयडलिंग स्थिर नाही : नवा पार्ट, स्कॅनर की व्हॅक्यूम गेज?

वीसेक वर्षांची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) एस्टीम किंवा जिप्सी किंग, तिला मागाहून बसवलेला कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि जोडीला सीएनजी किट, अशी गाडी सिग्नलला उभी राहिली की आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा ९०० वरून १५०० वर चढतो आणि पुन्हा कोसळतो. अशा वेळी मालकापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा भाग) साफ करून आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद असताना लागणारी हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) बदलायचा, ही पहिली आणि बहुतेक गॅरेजांत सर्वांत आधी सुचवली जाणारी. दुसरी, गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावण्याची. तिसरी, इनटेकमधली पोकळी मोजणारे व्हॅक्यूम गेज जोडून इंजिन कुठून ‘एअर घेतंय’ ते शोधण्याची.

साफसफाईला हरकत नाही. ती स्वस्त आहे आणि काजळी साचलेली असेल तर तेवढ्यानेही भागते. व्हॉल्व्ह बदलण्याची घाई मात्र मला पटत नाही. या इंजिनांत येणारी हवा थेट मोजली जात नाही; इनटेक मॅनिफोल्डमधला (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मॅप सेन्सर मोजतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोलचा हिशेब करतो. त्यामुळे फाटक्या नळीतून शिरलेली हवाही हिशेबात धरली जाते, तिच्या वाट्याचे पेट्रोल सुटते आणि आरपीएम चढतो. ईसीयू व्हॉल्व्ह मिटवत जातो, पण तो पुरता मिटला तरी काटा उतरत नाही. थ्रॉटल बंद असताना आरपीएम ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडी उतारावर आहे असे समजून पेट्रोल तोडले जाते, काटा पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि काटा पुन्हा चढतो. या झुल्यात व्हॉल्व्हचा दोष नसतोच असे नाही, पण पुष्कळदा तो बिचारा आपले काम इमानाने करत असतो. हवा थेट मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत चित्र उलटे असते : गळतीची हवा हिशेबाबाहेर राहते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी पाहावे ते यासाठी.

स्कॅनरची उपयुक्तता गाडीच्या वयावर ठरते. भारतात ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था) टप्प्याटप्प्याने आले : ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाले. त्याआधीच्या गाडीशी बाजारातला स्वस्त ब्लूटूथ डोंगल बोलेलच अशी खात्री नसते. शिवाय मॉडिफाय केलेल्या गाडीत आकडे दिशाभूल करू शकतात. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, सायलेन्सरचा जोड गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. स्कॅनरवर वाढलेला फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती) दिसतो. त्यामागची गळकी गॅस्केट दिसत नाही.

म्हणून मी गेजला पहिली पसंती देतो. निरोगी इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवते आणि दर हजार फूट उंचीला एकेक इंच वजा होतो, म्हणजे पुण्यात १५ ते १९ हे ठीक मानावे. माझ्या एस्टीममध्ये काटा १३ च्या आसपास होता. एकेक व्हॅक्यूम नळी पकडीने, रबर कापले जाणार नाही अशा बेताने दाबत गेलो; सीएनजी किटसाठी मधे घातलेल्या टी-जोडाकडे जाणारी नळी दाबताच आरपीएम १४०० वरून ८५० वर येऊन थांबला. जोडाच्या रिकाम्या तोंडावरची रबरी टोपी वरून धडधाकट दिसत होती. वाकवल्यावर खालच्या बाजूची चीर उघडली. त्याआधी एका गॅरेजमध्ये नवा व्हॉल्व्ह बसवून झाला होता, हे आता हसून सांगता येते.

गळती आहे हे गेज सांगते, ती नेमकी कुठे हे मात्र प्रत्येक वेळी सांगत नाही. इनटेक गॅस्केटसारख्या अडचणीच्या जागी स्मोक टेस्ट, म्हणजे इनटेकमध्ये धूर भरून पाहणे, सरस ठरते, कारण धूर बाहेर येताना डोळ्यांना दिसतो. पण हे यंत्र सगळ्या गॅरेजांत नसते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून पाहण्याची जुनी युक्ती चालते, तरी तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो पेट घेऊ शकतो. मी त्याऐवजी साध्या पाण्याचा बारीक फवारा, डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरी सांभाळून, मारतो. पाणी चिरेवर बसले की आरपीएम क्षणभर बदलतो.

दोष फक्त सीएनजीवर दिसत असेल, तर हा सारा खटाटोप करण्याआधी किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि मिक्सर (गॅस हवेत मिसळणारा भाग) तपासून घ्यावा. पेट्रोलवर दोष आहे आणि चेक इंजिनचा दिवाही पेटलेला आहे, अशी गाडी २०१३ नंतरची असेल तर स्कॅनरपासून सुरुवात करणेच शहाणपणाचे. मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) घातला असेल, तर व्हॅक्यूम मुळातच कमी आणि काटा हलताच राहणार. तिथे गळती सापडली नाही तर ट्यूनरकडून आयडलिंग १००० ते ११०० वर बांधून घ्यावे आणि मूळ गाडीच्या शांतपणाची अपेक्षा सोडून द्यावी.