विद्यापीठ फक्त घरमालक होतं

अमेरिकेत सहावी ते आठवीत शिकणाऱ्या हुशार मुलांच्या घरी जानेवारी-फेब्रुवारीत एक जाड, गुळगुळीत पाकीट येतं. वर नामांकित विद्यापीठाच्या इमारतीचं चित्र, आत सोनेरी शिक्का आणि पहिल्याच ओळीत मुलाचं पूर्ण नाव: शिक्षकांच्या शिफारशीवरून उन्हाळी शिबिरासाठी तुमच्या पाल्याची निवड झाली आहे. आमच्या सातवीतल्या लेकीला असं पत्र आलं, आम्ही पैसे भरले आणि फसवले गेलो. यंदा तेच पत्र वेगळ्या संस्थेच्या नावाने ओळखीच्या दोन-तीन घरांत पुन्हा आलेलं पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीला गणिताचं मनापासून वेड. शाळा तिला एक वर्ष पुढचं गणित देते, तरी तिची भूक भागत नाही. इथली उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत लांबते आणि घरात आम्ही दोघंही नोकरी करणारे. पत्रात तीन आठवडे विद्यापीठाच्या आवारात राहून नंबर थिअरी (पूर्णांकांचं गणित) आणि क्रिप्टोग्राफी (गुप्तलिपीचं शास्त्र) शिकवण्याचं वचन होतं, तेही 'प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली'. लेकीने ते पत्र आपल्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलं होतं.

फोन केला तर पलीकडची 'अ‍ॅडमिशन काउन्सेलर' फार आपुलकीने बोलली. लेकीची शाळा, इयत्ता सगळं तिच्यासमोर होतं. कोणत्या शिक्षकांनी नाव सुचवलं, असं विचारल्यावर ते गोपनीय असतं म्हणाली. जागा मोजक्या आहेत, आठवड्याभरात 500 डॉलर भरून जागा धरा, ती रक्कम परत मिळणार नाही. एकूण फी 4,000 डॉलरच्या घरात. क्रेडिट कार्डाने भरलं तर वर 3 टक्के, झेलने (म्हणजे बँक खात्यातून थेट) किंवा चेकने भरलं तर वरचं काही नाही. हा 3 टक्क्यांचा मुद्दा तेव्हा साध्या हिशेबाचा वाटतो. त्याचा खरा अर्थ पैसे परत मागायची वेळ आली की कळतो.

तिने तीन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, कोर्सला कॉलेज क्रेडिट मिळेल, म्हणजे तो पुढे पदवीच्या अभ्यासात धरला जाईल. दोन, पुढे कॉलेजच्या अर्जात याचं वजन पडेल. तीन, ही फी नोकरीतल्या डिपेंडंट केअर खात्यातून, म्हणजे मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी करमुक्त पगार बाजूला ठेवतात त्या खात्यातून, वळती करता येईल. तिन्ही खोट्या. क्रेडिट देण्याचा अधिकार विद्यापीठाचा असतो आणि तिथल्या रजिस्ट्रारच्या दफ्तरी या कोर्सचं नावही नव्हतं. अनेक कॉलेजांना एकच चालणाऱ्या कॉमन अ‍ॅप या प्रवेशअर्जात उपक्रमांची जी यादी भरायची असते, तिथे इयत्तांचे रकाने नववीपासून सुरू होतात. सातवीतल्या उन्हाळ्याला तिथे जागाच नाही. आणि करखात्याचा नियम असा, की दिवसाचा कॅम्प त्या खात्यात बसतो, मुक्कामी कॅम्प बसत नाही. हे तिसरं आमच्या कंपनीच्या माणसाने क्लेम नाकारताना एका ओळीत सांगितलं.

आमच्यापर्यंत या संस्थेचं कौतुक आधीच पोचलेलं होतं. रविवारच्या मराठी शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकीने लिहिलं होतं, 'आम्ही घेतोय, तुम्हीही बघा.' खाली एक कोड होता. त्या कोडने कोणी नाव नोंदवलं की नोंदवणाऱ्यालाही सूट आणि कोड देणाऱ्यालाही. त्या बाईंचा मी राग धरत नाही, त्यांचीही मुलगी तिथेच गेली आणि त्यांचेही पैसे बुडाले. पण ओळखीच्या माणसाच्या शब्दावर आपण जो विश्वास ठेवतो, तोच या संस्थेने सूट देऊन विकत घेतला होता.

अशा पत्रावर शहाणीसुरती माणसं विश्वास का ठेवतात, तेही सांगायला हवं. कारण या प्रकारातलं अस्सल काम अमेरिकेत खरोखर झालेलं आहे. 1969 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांच्याकडे जोसेफ बेट्स नावाचा तेरा वर्षांचा मुलगा आला. कॉलेजला जाणाऱ्या मुलांची सॅट परीक्षा त्याला दिली, तर त्याने ती उत्तम सोडवली. स्टॅन्लींच्या लक्षात आलं, की सातवीच्या मुलाला सातवीचाच पेपर दिला तर अनेक मुलं पैकीच्या पैकी मिळवतात आणि त्यातली कुणाची धाव किती लांब आहे हे कळतच नाही. वरच्या इयत्तेचा पेपर दिला की ते कळतं. 1971 मध्ये त्यांनी त्यावर दीर्घ अभ्यास सुरू केला आणि 1979 मध्ये हॉपकिन्सचं प्रतिभावान मुलांसाठीचं केंद्र उभं राहिलं, ज्याला सगळे सीटीवाय म्हणतात. पाठोपाठ ड्यूक आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांनीही असे उपक्रम काढले. या कार्यक्रमांत एका उन्हाळ्यात अख्ख्या वर्षाचं गणित पुरं केलेली मुलं आहेत.

अस्सल कार्यक्रम आधी मुलाची परीक्षा घेतो किंवा त्याचं काम मागतो. मॅथपाथसारखं गणिताचं शिबिर तर अर्जाबरोबर कठीण प्रश्न पाठवतं आणि नुसतं उत्तर पुरत नाही, ते कसं आलं हे मुलाने लिहून दाखवायचं असतं. आमच्याकडे कुणी काहीच मागितलं नाही. मार्कलिस्टसुद्धा नाही. निवड आधी झाली होती, मग फी, आणि चाचणी शेवटपर्यंत झालीच नाही.

आता तिथे काय झालं ते. जुलैच्या एका रविवारी आम्ही लेकीला सोडून आलो. आवार सुंदर, झाडं मोठी, मुलांना सारखे टी-शर्ट, स्वागताला फुगे. वर्ग मात्र डॉर्मच्या, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाच्या, तळघरातल्या बैठकीच्या खोलीत. पाचवीपासून नववीपर्यंतची मुलं एकत्र. 'प्राध्यापक' म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक मुलगा, तोही दुसऱ्याच कॉलेजातला आणि गणिताचा नव्हे. मुलगा स्वभावाने चांगला होता, असं लेक अजून म्हणते. त्याला आठवड्याच्या शेवटी वर्कशीटचा गठ्ठा ईमेलने यायचा आणि तो छापून वाटायचा. अपूर्णांक, टक्केवारी, शब्दकोडी. क्रिप्टोग्राफी म्हणजे अक्षरं तीन घरं पुढे सरकवून चिठ्ठी लिहायची, एक तास, झालं. दुपारी 'लीडरशिप'. त्यात मुलांनी गोल करून स्वतःबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि कोणीतरी फोटो काढायचं. ते फोटो यंदाच्या माहितीपत्रकात आले आहेत. त्यात आमच्या लेकीचाही आहे, तो काढून टाका म्हणून आम्ही लेखी कळवलं आहे.

पहिल्याच आठवड्यात लेक विद्यापीठाच्या लायब्ररीत गेली. तिला नंबर थिअरीचं पुस्तक हवं होतं. दारावरच्या माणसाने गळ्यातलं कार्ड पाहून सांगितलं, हे कार्ड फक्त खोलीचं आणि जेवणाचं आहे, तुम्ही कॉन्फरन्सचे पाहुणे आहात. तिने रात्री फोनवर मला हे जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या गणित विभागाला फोन केला. त्यांना असा कार्यक्रम माहीत नव्हता. विभागाने मला कॉन्फरन्स कार्यालयाकडे पाठवलं आणि तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं: उन्हाळ्यात डॉर्म रिकामे असतात, आम्ही खोल्या आणि हॉल भाड्याने देतो, त्यांचा अभ्यासक्रम, शिक्षक, फी, यातलं काहीच आमचं नाही. मंगल कार्यालय भाड्याने दिलं म्हणून कार्यालयाचा मालक काही वधूपिता होत नाही. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. करारपत्राच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, 'सदर विद्यापीठाशी संस्थेचा कोणताही शैक्षणिक संबंध नाही' ही ओळ होती. विद्यापीठाचं नाव मात्र माहितीपत्रकाच्या प्रत्येक पानावर, तेही सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.

एक गोष्ट स्पष्ट करते. आवार भाड्याने घेणं हा गुन्हा नाही आणि तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. सीटीवायची शिबिरंही अनेक वर्षं दुसऱ्या कॉलेजांत भरत आली आहेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजात तर कितीतरी उन्हाळे. पण तिथे कोण शिकवतं, जबाबदारी कुणाची, हे पहिल्या पानावर असतं. तेव्हा प्रश्न जागेचा विचारू नका. विद्यापीठाला विचारा, या कार्यक्रमाबद्दल तक्रार असेल तर तुमच्याकडे कोण ऐकून घेईल? त्यांच्याकडे तसा माणूस असेल तर ते नाव सांगतात. आवारात येणाऱ्या अल्पवयीन मुलांच्या कार्यक्रमांची नोंद ठेवणारं कार्यालयही बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत असतं, तिथेही फोन करा. आणि वेबसाइटचा पत्ता पाहा. डॉट एज्यू हा पत्ता अमेरिकेत मान्यताप्राप्त कॉलेज-विद्यापीठांनाच मिळतो. डॉट ऑर्ग कुणीही घेऊ शकतं, त्याने संस्था धर्मादाय ठरत नाही. आमची डॉट ऑर्ग होती.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते पैशाचं नाही. लेक घरी आली आणि शाळा सुरू झाल्यावर तिने आपल्या गणिताच्या बाईंचे आभार मानले, माझं नाव सुचवलंत म्हणून. बाई गोंधळल्या. त्यांनी कुणालाच काही लिहिलेलं नव्हतं. शाळेतल्या इतर कुणीही नाही. त्या दिवशी लेकीने मला विचारलं, "आई, मग मला निवडलं कुणी?" याचं खरं उत्तर असं, की एका यादीने. मुलं स्पर्धांना नाव देतात, ऑनलाइन प्रश्नावल्या भरतात, त्यातून नाव, इयत्ता, पत्ता विकला जातो. हे नवीनही नाही. 2003 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने शाळांमधून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांबद्दल कारवाई केली होती. माहिती कॉलेजांसाठी म्हणून गोळा केली आणि इतर व्यापाऱ्यांना विकली, असं ते प्रकरण होतं. बारा वर्षांच्या मुलीला तू निवडलेली आहेस असं खोटं सांगणं हे मला 4,000 डॉलर घेण्यापेक्षा वाईट वाटतं. नंतर कितीतरी दिवस ती नवं गणित हातात घेताना म्हणायची, हे मला जमतं असं तुम्हालाच वाटतं. असं पत्र आलं की मुलाला दाखवायच्या आधी शाळेत फोन करा.

माझ्या नणंदेला नाशिकमध्ये एका एजंटने असंच अमेरिकेतलं समर स्कूल विकायचा प्रयत्न केला, विमान, राहणं, टुरिस्ट व्हिसा आणि वर कॉलेज क्रेडिट. टुरिस्ट व्हिसावर हौसेचा छोटा कोर्स चालतो, क्रेडिटचा चालत नाही, त्याला विद्यार्थी व्हिसा लागतो. म्हणजे त्या एजंटच्या कागदातली दोन वाक्यं एकत्र खरी असूच शकत नव्हती. मी तिला म्हटलं, वन्सं, आधी घराजवळचं बघा. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था शाळकरी मुलांसाठी कितीतरी वर्षं विज्ञानाची व्याख्यानं घेते आहे. इस्रोचा युविका कार्यक्रम 2019 पासून नववीच्या मुलांसाठी आहे, निवड आठवीचे गुण आणि इतर निकषांवर होते आणि प्रवास, राहणं, जेवण यांचा खर्च इस्रो करते.

ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्यासाठी. आमचे 500 डॉलर कार्डावर होते, ते परत मिळाले. बँकेला माहितीपत्रक, करार, विद्यापीठाच्या कार्यालयाचं ईमेल आणि वर्कशीटचे फोटो पाठवले. कायद्याने तक्रारीची मुदत पहिल्या स्टेटमेंटपासून 60 दिवसांची आहे, पण सेवा पुढच्या तारखेला मिळायची असेल तर बँका अनेकदा त्या तारखेपासून मोजतात, म्हणून मुदत गेली असं समजून गप्प बसू नका, फोन करा. झेलने गेलेली बाकीची रक्कम अजून अडकलेली आहे, कारण ते पैसे आपणच पाठवले असं बँक म्हणते. राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली आहे. न्यू जर्सीत 5,000 डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स या छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो. मात्र करारात लवादाचं कलम (वाद कोर्टात न नेता लवादापुढे न्यायचा, असं) असेल तर ते आधी वाचून घ्या, आमच्यात आहे आणि त्यावर सल्ला घेणं चालू आहे. त्याच शिबिराला गेलेल्या आणखी पालकांचे कागद हाती आले तर तक्रारीला जोर येईल. तुमच्याकडे पत्र, कराराचं शेवटचं पान किंवा वर्कशीट असतील तर फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.