समुद्रासमोरचा बंगला बुक केला, तिथे बोटी निघाल्या

हे लिहायला मला चार महिने लागले. एक तर लाज वाटत होती. आणि दुसरं म्हणजे घरात हा विषय निघाला की धाकटा अजूनही ‘अडॅप्टर’ एवढा एकच शब्द उच्चारतो आणि सगळे हसत सुटतात. मलाही हसू येतं, पण जरा उशिरा.

आमची थोरली १६ वर्षांची, धाकटा १४ चा. या वयाच्या मुलांना घेऊन कुठे जायचं ठरवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात ती आहेत त्यांना सांगायला नको. थोरलीला स्वतःची खोली हवी, वायफाय हवं, आणि आम्ही दिसणार नाही असा एखादा कोपरा हवा. धाकट्याला दिवसभर पाण्यात राहायचं होतं, फक्त त्याचा दिवस दुपारी बाराला उजाडणार होता. (या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, हे मी नंतर वाचलं. तोवर मी त्याला सरळ आळशी म्हणत होते.) नवऱ्याची अट एकच, तिथे गेल्यावर गाडीला हात लावणार नाही. आणि मला चार दिवस कुणी काही विचारू नये एवढंच हवं होतं.

दीड महिना घरच्या ग्रुपवर लिंका फिरत होत्या. एकाला आवडलेली जागा दुसऱ्याला पटेना. शेवटी एका रात्री वैतागून मी प्रवासाच्या एका मोठ्या ग्रुपवर लिहिलं: चौघं आहोत, दोन मुलं टीनएजर, दोन वेगळ्या खोल्या हव्यात, समुद्र पायी पाच मिनिटांत, पोहायला सुरक्षित, नेट चांगलं, जेवणाची सोय तिथेच, गाडी लागू नये. खाली तारखाही टाकल्या.

पेपर मीच काढून दिला होता. तो माणूस पैकीच्या पैकी मार्क मिळवणार यात नवल काय!

तासाभरात त्याचा मेसेज आला. फसवणारे गोडगोड बोलतात अशी माझी समजूत होती. हा तसं काहीच बोलला नाही. मोजकं लिहायचा, उत्तराला थोडा वेळ घ्यायचा, आणि स्वतःहून उणं सांगायचा. “दुपारी नेट जरा स्लो होतं, आधीच सांगून ठेवतो. मुलं नंतर तक्रार करतात.” या एका वाक्यावर मी विरघळले. जो माणूस आपल्या मालातली खोट आपणहून दाखवतो तो कशाला फसवेल, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं.

चौदा फोटो आले. ते मी घरच्या ग्रुपवर टाकले आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच कुणी ‘नको’ म्हटलं नाही. थोरली मात्र बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. मग म्हणाली, “आई, या व्हरांड्यातून सूर्य समुद्रातून उगवतोय आणि त्याच व्हरांड्यातून तो समुद्रातच मावळतोय. असं कसं?”

“टोकावर असेल गं बंगला. तिन्ही बाजूंनी पाणी असतं काही ठिकाणी.”

असतंही तसं काही ठिकाणी. पण मी हे नकाशा बघून म्हटलं नव्हतं, विषय मिटवायला म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने खोलीचा फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. त्याला खोलीशी देणंघेणं नव्हतं, पलंगाशेजारी चार्जर लावता येतो का एवढंच तो बघत होता. भिंतीवरच्या सॉकेटला तीन चपट्या फटी होत्या, वरच्या दोन तिरप्या आणि खालची उभी. “आपला प्लग यात बसणारच नाही. अडॅप्टर घ्यावा लागेल का?”

“घेऊ,” मी म्हटलं. आणि खरोखरच घेतला. तसे सॉकेट ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन, अर्जेंटिना अशा देशांत असतात. आम्ही देशाबाहेर जाणार नव्हतो. तरी मी दुकानात उभी राहून दोन अडॅप्टर घेतले, कारण यादीतली एक वस्तू कमी झाल्याचं मला समाधान वाटत होतं.

पुढचं पटापट सांगते, कारण ते तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. साइटवरून बुकिंग केलं तर कमिशन जातं, थेट दिलेत तर तेवढं कमी करतो, असं तो म्हणाला. आणखी एक कुटुंब याच तारखा मागतंय, तुमच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबतो, असंही म्हणाला. खातं वेगळ्याच नावावर होतं. “ते आमच्या अकाउंटंटचं आहे.” निम्मं भाडं मी त्याच संध्याकाळी पाठवलं. आठवड्याने ‘परत मिळणारं’ डिपॉझिट पाठवलं. त्याने बंगल्याची वेबसाइटही दिली होती. तिच्या पत्त्याशेजारी कुलपाची खूण होती आणि ती बघून मला हायसं वाटलं होतं. ती खूण फक्त एवढंच सांगते की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी तिसरा डोकावू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस साव की चोर, याबद्दल ती काहीही सांगत नाही.

आणि एक गोष्ट मी पाठवली, जिचा त्या वेळी मी विचारसुद्धा केला नाही. त्याने आधी स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला, विश्वास म्हणून. मग नोंदणीसाठी आम्हा दोघांची ओळखपत्रं मागितली. हॉटेलात मागतातच की. दोन्ही बाजूंचे स्वच्छ, उजेडात काढलेले फोटो मी पाठवले.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. टॅक्सीवाल्याने नकाशातल्या खुणेपाशी सोडलं आणि तो निघून गेला. समोर पाच-सहा पालथ्या घातलेल्या बोटी होत्या, डांबराचा वास येत होता, आणि एक माणूस उकिडवा बसून एका बोटीच्या फटीत कापसाची वात ठोकत होता. वातीचा एक पदर तो अंगठ्याने आत दाबायचा, मग त्यावर छिन्नीसारखं काहीतरी धरून दोन ठोके घालायचा. मी बंगल्याचं नाव सांगितलं. त्याने हातातलं काम पुरं केलं, मगच वर बघितलं.

“इथे कसला बंगला, ताई? या मोसमात तुम्ही तिसरे.”

तो ‘तिसरे’ शब्द ऐकल्यावर नवरा माझ्याकडे बघायचं टाळून सामान मोजायला लागला. चारच बॅगा होत्या.

मी फोन लावला. मला वाटलं होतं तो उचलणार नाही. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला. “अहो, सॉरी, केअरटेकरने घोळ घातला, डबल बुकिंग झालं. मी दहा मिनिटांत दुसरी व्यवस्था करतो.” दहा मिनिटांनी पुन्हा दहा मिनिटं. असं करता करता अंधार पडला. मग म्हणाला, व्यवस्था होत नाही, पूर्ण रक्कम लगेच परत करतो, क्यूआर कोड पाठवलाय, तेवढा स्कॅन करा. मी स्कॅन केला. रक्कम आपोआप आली, खाली कुणाचं तरी तिसरंच नाव होतं. मुलं कठड्यावर बसली होती, डास चावत होते, नवरा राहायची जागा शोधायला गेला होता. मी पिन टाकला.

थोरली जवळ येऊन उभी राहिली होती ते मला कळलंच नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “आई, पैसे घ्यायला पिन कशाला लागेल?”

तेव्हा मी तिच्यावर ओरडले. हे लिहिताना सगळ्यात जास्त त्रास या वाक्याचा होतोय.

रात्री बँकेला फोन केला. तिथल्या मुलीने न रागावता विचारलं, पहिली शंका किती वाजता आली? मी वेळ सांगितली. साडेतीन तास झाले होते. तिने सांगितलं की पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत ते रोखून धरायचा प्रयत्न करता येतो, पण असे पैसे फार वेळ एका खात्यात थांबत नाहीत, पुढे पुढे सरकवले जातात. तेव्हा मला त्या ‘दहा मिनिटांचा’ अर्थ लागला. तो दुसरी जागा शोधत नव्हता. शेवटचा डाव साधेपर्यंत त्याला मला फोनवर अडकवून ठेवायचं होतं, मी दुसरीकडे कुठे फोन करू नये म्हणून. शंका आली की आधी बँक, मग पोलीस तक्रार. त्याला जाब विचारायचा मोह आवरा. आणि चिडून चॅट डिलीट करू नका, माझं निम्मं मी केलं होतं. भाडं कार्डावरून आणि बुकिंगच्या ॲपमधून दिलं असतं तर वाद घालायला, पैसे परत मागायला निदान एक दार राहिलं असतं. आपल्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात टाकलेले पैसे परत आणणं फार अवघड.

घरी आल्यावर पोरांनी तपास केला, आणि तो त्यांना पाऊण तासाच्या वर लागला नाही, हे आणखी एक दुःख. थोरलीने प्रत्येक फोटो गूगल लेन्समध्ये टाकला. पहिले सहा कुठेच सापडले नाहीत, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात तिला एका फोटोतल्या भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे उलटे दिसले. फोटो आरशासारखे फिरवून लावले होते, शोधात सापडू नयेत म्हणून. ते सरळ करून टाकल्यावर खोल्या परदेशातल्या घरविक्रीच्या एका जाहिरातीत निघाल्या. सूर्योदय एका किनाऱ्याचा होता, सूर्यास्त दुसऱ्याच किनाऱ्याचा. धाकट्याने वेबसाइटचा पत्ता ‘हूइज’मध्ये टाकला, तिथे कुठल्याही साइटच्या नावाची नोंदणी कधी झाली ते दिसतं. आमच्या बुकिंगच्या आधी १९ दिवस. साइटवरचे अभिप्राय मात्र दोन-दोन वर्षांपूर्वीचे होते. नकाशातली खूण मी फक्त साध्या नकाशात बघितली होती. उपग्रहाच्या चित्रात तिथे बोटींचे आकार नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होते.

आता मी एकच करते, आणि तेवढ्याने बरंच कळतं. व्हिडिओ कॉलवर सांगते, दारातून निघा आणि फोन न कापता समुद्रापर्यंत चालत जा. नेट नाही, केअरटेकर बाहेर गेलाय, उद्या करू, असं काही आलं की मी नमस्कार करून मोकळी होते. त्याच्याशी वाद घालत नाही. जवळच्या एखाद्या दुसऱ्या हॉटेलचा नंबर मी स्वतः शोधून तिथेही विचारते. त्याने दिलेला ‘शेजाऱ्याचा’ नंबर उपयोगाचा नाही, तो शेजारी त्याचाच असतो.

सुट्टी वाया गेली का? नाही, हीच त्यातली गंमत. नवऱ्याला गावात एका जुन्या लॉजवर दोन खोल्या मिळाल्या, समुद्र पंधरा मिनिटं चालत, नेट नावालाच. मुलं कंटाळतील या भीतीने मी दीड महिना डोकं पिकवलं होतं. धाकटा बारापर्यंत झोपला आणि उठून जीवरक्षकाच्या खुर्चीखाली जाऊन बसला, तो थेट संध्याकाळपर्यंत. लाल-पिवळे झेंडे रोवलेत त्यांच्या मधेच पोहायचं, हे त्याला तिथे कळलं. लाटा फुटताहेत आणि मधे एक पट्टा शांत, गुळगुळीत दिसतोय, नवखी माणसं तिथेच उतरतात, आणि पाणी परत आत खेचणारा प्रवाह बहुधा तिथेच असतो, हेही. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. रात्री जेवताना त्याने हे सगळं आम्हाला ग्लास आणि चमचे मांडून समजावलं. थोरलीला तिचा कोपरा लॉजच्या गच्चीवर मिळाला. तिसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन तिची माफी मागितली. ती “ठीक आहे गं” म्हणाली आणि कानातला एक इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

पैसे आले नाहीत. तक्रार नोंदवली आहे, क्रमांक मिळाला आहे.

गेल्या शनिवारी फेसबुकवर एका अनोळखी बाईंचा मेसेज आला. माझं पूर्ण नाव, मधलं नावसुद्धा, अगदी बरोबर लिहिलं होतं. सोबत माझ्याच ओळखपत्राचा फोटो, दोन्ही बाजू, स्वच्छ, उजेडात काढलेला. खाली लिहिलं होतं, “मॅडम, तुमच्या मॅनेजरचा फोन लागत नाही. मुलांना घेऊन बोटींपाशी उभे आहोत. बंगला नेमका कुठल्या बाजूला आहे?”