ट्रॅव्हलिंगचा नियम मैदानावर शिकवणारा वर्ग

शालेय बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहू इच्छिणाऱ्यांसाठी दादर परिसरात सुट्टीच्या सकाळी एक प्रशिक्षण वर्ग भरतो. त्याचा बराचसा वेळ ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून परवानगीपेक्षा जास्त पावले टाकणे, या एकाच नियमाला दिला जातो आणि ते मला योग्य वाटते, कारण आंतरशालेय सामन्यांत पालक आणि प्रशिक्षक सर्वांत जास्त आरडाओरडा याच शिट्टीवरून करतात.

फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, ऑक्टोबर 2017 पासून लागू केलेला बदल येथे अतिशय नेमकेपणाने समजावला जातो. धावताना किंवा ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) संपवताना खेळाडू चेंडूवर ताबा मिळवतो, त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजणीत धरायचा नाही. त्यानंतर टेकतो ते पहिले पाऊल. ले-अपमध्ये, म्हणजे धावत येऊन बास्केटजवळून केलेल्या शॉटमध्ये, प्रेक्षकांना तीन पावले दिसतात आणि तरीही चाल वैध असते, ती यामुळेच. ताबा मिळाल्याचा क्षण दिसताच प्रशिक्षणार्थींनी मोठ्याने ‘ताबा’ म्हणायचे आणि मगच पावले मोजायची, असा सराव प्रशिक्षक करून घेतात. नजर आधी चेंडूवर आणि लगेच पायांवर नेण्याची सवय लावणारी याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही.

उभ्याने चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचा भाग मात्र घाईत उरकला जातो, हे खटकले. दोन्ही पाय जमिनीवर असताना एक पाय उचलला की दुसरा पिव्होट, म्हणजे जागेवर टेकून ठेवायचा आधाराचा पाय, ठरतो. पास किंवा शॉटसाठी हा पिव्होट पाय उचलता येतो, फक्त चेंडू सुटेपर्यंत तो पुन्हा टेकवता येत नाही. ड्रिबल सुरू करताना मात्र हा पिव्होट पाय उचलण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. बारा-तेरा वर्षांची मुले नेमकी इथेच चुकतात, आणि बचावपटूला चकवण्याच्या उतावळेपणात पाय आधी निघाला की नवखा पंच गोंधळतो. या एका फरकावर संथ गतीने आणि मग सामन्याच्या वेगात, असा दुहेरी सराव व्हायलाच हवा.

चेंडू धरून पडलेला खेळाडू घसरत गेला तर चालते, पण लोळला किंवा चेंडूसह उठू लागला तर उल्लंघन होते, हे प्रात्यक्षिक उत्तम होते. प्रश्न मराठीत विचारता येतात आणि शुल्क शाळेतील क्रीडाशिक्षकाला परवडणारे आहे. जाण्यापूर्वी फिबाच्या नियमपुस्तिकेतील कलम 25 वाचून जावे, कारण प्रशिक्षक ते सर्वांना ठाऊक आहे असे धरूनच सुरुवात करतात.